बाहेरच्या भिंतींचं इंटरलॉकिंग क्लॅडिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लॅडिंग करायचं मनात येतं तेव्हापासून ते बसवून दोन-चार पावसाळे उलटेपर्यंत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान ३, ९ आणि ११ वाचा. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

१. इंटरलॉकिंग क्लॅडिंग म्हणजे नेमकं काय? साध्या पत्र्यापेक्षा त्यात वेगळं काय?

भिंतीला बाहेरून लावायचं आवरण म्हणजे क्लॅडिंग. हे आवरण लांब फळ्यांचं किंवा पॅनेलचं असेल आणि प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ व दुसऱ्या कडेला खाच असेल, तर ते इंटरलॉकिंग. धातूच्या पॅनेलला जिभेऐवजी वळवलेली कड असते. विनायलच्या, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकच्या, पट्टीला खालच्या बाजूला आकडा असतो आणि तो आधीच्या पट्टीत टक्‌ आवाज करून अडकतो.

साध्या पन्हळी पत्र्यात स्क्रू समोरून आरपार जातो. म्हणजे जितके स्क्रू तितकी भोकं, आणि प्रत्येक भोकाचा भरवसा एका रबरी वॉशरवर. इंटरलॉकिंगमध्ये स्क्रू पुढच्या फळीखाली झाकला जातो. त्याने भिंत नीटस दिसते हे खरंच, पण मोठा फायदा वेगळा आहे: स्क्रूवर ऊन-पाऊस थेट येत नाही, आणि वॉशर कडक होऊन तडकण्याचा प्रश्न मिटतो.

२. इतके प्रकार आहेत, त्यातलं कुठलं घ्यावं?

ॲल्युमिनियम हलकं असतं आणि लोखंडासारखं गंजत नाही, पण त्याला पोचे लवकर पडतात. जस्ताचा थर दिलेलं पोलाद दणकट असतं. त्याची दुखरी जागा म्हणजे कापलेली कड. फायबर सिमेंट, म्हणजे धागे मिसळून केलेली सिमेंटची फळी, जळत नाही, तिला वाळवी लागत नाही. मात्र ते जड असतं, कापलेल्या कडा सील केल्या नाहीत तर त्या पाणी पितात, आणि कापताना उडणाऱ्या धुळीत बारीक सिलिका असते. ही धूळ फुप्फुसांचं कायमचं नुकसान करते. म्हणून धूळ ओढून घेणारी करवत आणि योग्य मास्क असल्याशिवाय कापाकापी करू देऊ नका. विनायल हलकं आणि बसवायला सोपं असतं, पण तापलं की मऊ पडतं (प्रश्न १८). लाकूड सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत जास्त मशागत मागणारं. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या फळ्याही मिळतात. त्या बाहेरच्या वापरासाठीच्या आहेत ना, हे नक्की विचारा. घरातल्या भिंतीसाठीच्या फळ्या दिसायला तशाच असतात आणि उन्हात वाकतात. टेराकोटाची (भाजलेल्या मातीची) पॅनेल जड असतात, धातूच्या सांगाड्यावर टांगतात आणि त्यांचा रंग उडत नाही.

बरेच मजले असतील तर आवडीनिवडीआधी प्रश्न १३ वाचा. समुद्र जवळ असेल तर १४.

३. सांधा इतका घट्ट बसतो. मग पाणी आत जाणारच नाही ना?

जातं. थोडं का होईना, जातंच. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पाऊस थोपवण्याचं पहिलं काम क्लॅडिंग करतं, पण भिंत कोरडी ठेवण्याचं काम त्याच्या मागची पोकळी करते.

पाणी सांध्यातून आत ढकललं जातं त्याची कारणं वेगवेगळी असतात. उताराने ते वाहतं. वाऱ्याने फेकलेला थेंब स्वतःच्या वेगाने आत घुसतो. कडेला चिकटून ते खालच्या बाजूने मागे सरकतं. अगदी अरुंद फटीत केशाकर्षणाने वर चढतं. सगळ्यांत जोरदार कारण म्हणजे दाबातला फरक. वारा भिंतीवर आदळतो तेव्हा बाहेर दाब वाढतो, मागे तो कमी असतो, आणि फटीवर जमलेलं पाणी आत ओढलं जातं.

गंमत अशी की सांधा जितका चिकटून बसेल तितकं केशाकर्षण वाढतं. म्हणून चांगल्या सांध्यात जिभेच्या मागे मुद्दाम थोडी रुंद जागा सोडलेली असते. तिथे पाण्याची साखळी तुटते. जुनं क्लॅडिंग उतरवताना जिभेच्या वरच्या काठावर धुळीची बारीक, मातकट रेघ दिसते. पाणी तिथपर्यंत आलं आणि मागे फिरलं, असा तिचा अर्थ. रेघ जीभ ओलांडून मागच्या बाजूला उतरलेली असेल तर त्या सांध्याने हार मानलेली आहे.

कौलारू छपराचंच तत्त्व इथे उभ्या भिंतीवर आहे. कौलं एकमेकांना चिकटवलेली नसतात, तरी नीट रचली तर गळत नाहीत. उलट, सगळा भरवसा बाहेरच्या एकाच थरावर टाकला की काय होतं ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या इमारतींनी दाखवलं. बाहेरून सीलबंद वाटणाऱ्या भिंतींत पाणी शिरलं, ते बाहेर पडायला वाट नव्हती, आतलं लाकूड कुजलं. प्रकरण इतकं वाढलं की १९९८ साली तिथल्या सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. न्यूझीलंडमध्येही जवळपास त्याच सुमारास हेच घडलं. त्यानंतर तिथे भिंत चार निकषांवर तपासायची पद्धत रुजली: पाणी अडवणं, आत आलेलं वाहून जाणं, उरलेलं सुकणं आणि तोवर सामानाने टिकणं.

४. मागे पोकळी किती ठेवायची?

सहसा २० ते २५ मिमी. १० मिमीतही पाणी वाहून जातं, पण प्रत्यक्ष भिंत कधीच एका पातळीत नसते. गिलाव्याचा एखादा फुगवटा आला की १० मिमीचे शून्य होतात. पोकळी खाली उघडी हवी म्हणजे पाणी निघेल, आणि वर उघडी हवी म्हणजे हवा खेळेल. वरचं तोंड पावसापासून झाकलेलं पण हवेला मोकळं ठेवायचं असतं.

पोकळीच्या मागे, भिंतीवर, पाणी अडवणारा पण वाफ बाहेर जाऊ देणारा पडदा लावतात. त्याच्या सांध्यांत वरचा तुकडा खालच्यावर यायला हवा. उलटा चढवलेला पडदा पाणी सरळ भिंतीत नेऊन सोडतो, आणि एकदा क्लॅडिंग चढलं की ते कुणाला दिसतही नाही.

५. मग त्या पोकळीत उंदीर, पाली, गांधीलमाश्या घर करणार नाहीत का?

जाळी लावली नाही तर करतील. वरच्या आणि खालच्या तोंडाला साधारण ३ ते ४ मिमी भोकांची धातूची जाळी किंवा छिद्रांची पट्टी बसवा. यापेक्षा बारीक जाळी धुळीने बुजते. फोम कोंबून तोंड बंद करणं हा उपाय नव्हे. त्याने पाण्याचीही वाट बंद होते.

६. भिंतीला ओल येतेय. क्लॅडिंग लावलं की थांबेल का?

ओल कुठून येतेय त्यावर ते ठरेल. पावसाचं पाणी भिंतीवर आदळून आत झिरपत असेल तर हो, नीट पोकळी ठेवलेलं क्लॅडिंग हा उत्तम इलाज आहे. पण ओल जमिनीतून वर चढत असेल, गच्चीतून उतरत असेल किंवा भिंतीतला पाइप ठिबकत असेल तर क्लॅडिंगने फक्त डाग झाकला जाईल. आधी कारण शोधा. पाऊस नसतानाही डाग वाढतोय का, जमिनीलगत जास्त आहे का, न्हाणीघराच्या पाठीमागे आहे का, एवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो. मगच क्लॅडिंगचा विचार करा, आणि भिंतीला सुकायला वेळ द्या.

७. जुन्या गिलाव्यावरच लावता येतं, की सगळा खरवडावा लागतो?

गिलावा घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही. भिंतीवर टिचक्या मारत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा काढा. महत्त्वाचं हे की अँकरची (भिंतीत रुतवायच्या बोल्टची) पकड गिलाव्यात धरायची नसते, त्याच्यामागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये धरायची असते. म्हणून अँकरची लांबी ठरवताना गिलाव्याची जाडी वेगळी धरा. पोकळ ब्लॉक किंवा जुनी मऊ वीट असेल तर दोन-चार अँकर लावून ओढून बघण्याची चाचणी मागा. वाऱ्याचं खेचणं इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि वरच्या कडेला सगळ्यांत जास्त असतं. तिथे अँकर जवळजवळ यायला हवेत. सगळीकडे एकच अंतर दाखवणारा आराखडा दिसला की प्रश्न विचारा.

८. फळ्या आडव्या लावाव्यात की उभ्या?

दिसण्याचा भाग तुमच्या आवडीचा. तांत्रिक भाग असा: आडव्या फळ्यांना मागे उभ्या रिपा (पोकळी राखणाऱ्या आणि फळ्या धरणाऱ्या पट्ट्या) लागतात, आणि उभ्या रिपांमधून पाणी सरळ खाली जातं. उभ्या फळ्यांना आडव्या रिपा लागतात, आणि आडवी रीप म्हणजे पोकळीत घातलेला बांध. तेव्हा आधी उभ्या रिपा, त्यांवर आडव्या, अशी दुहेरी चौकट करावी. ही दुहेरी चौकट वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. आवरायला हवा.

आडव्या फळीत जीभ नेहमी वर आणि खाच खाली. उलटं बसवलं तर प्रत्येक खाच पन्हळीसारखी पाणी धरून ठेवते. उभ्या फळ्यांत सांध्याचं तोंड नेहमीच्या पावसाळी वाऱ्याच्या दिशेकडे येऊ देऊ नका.

९. स्क्रू घट्ट पिळायचे ना? सैल ठेवले तर वाऱ्याने उडणार नाही का?

हा प्रश्न वाचून दर वेळी हात कपाळाला जातो, कारण तो सहसा काम झाल्यावर येतो. फळी उन्हात लांबते, थंडीत आखडते. तापमानात ५० अंशांचा फरक धरला (आणि गडद रंगाच्या, उन्हातल्या भिंतीवर तो सहज पडतो) तर ६ मीटरचं पोलादी पॅनेल साडेतीन मिमीच्या आसपास सरकतं, तेवढंच ॲल्युमिनियमचं सुमारे ७ मिमी. विनायलची साडेतीन मीटरची पट्टीही १२ मिमीच्या आसपास लांबते. तिला हलायला जागा दिली नाही तर ती भिंतीपासून फुगून उभी राहते, स्क्रूची भोकं फाटतात किंवा सांधा उसवतो.

म्हणून पॅनेलला गोल भोकांऐवजी लांबट भोकं असतात. स्क्रू त्या लांबट भोकाच्या मधोमध मारायचा आणि डोकं पॅनेलला दाबेल इतका पिळायचा नाही. विनायलला डोक्याखाली साधारण १ मिमी जागा ठेवतात. तपासायचं कसं? बसवलेली पट्टी दोन्ही तळव्यांनी धरून डावी-उजवीकडे ढकला. ती जराशी सरकली पाहिजे. जागची हलत नसेल तर पुढची पट्टी चढवू देऊ नका. धातूच्या लांब पॅनेलला एका ठिकाणी पक्कं धरतात आणि बाकी सगळीकडे सरकतं ठेवतात. ती पक्की जागा कुठली, हे बसवणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. टोकांनाही फट हवी, आणि थंडीत काम चाललं असेल तर थोडी जास्त.

वाऱ्याने उडण्याचं म्हणाल तर पॅनेलला धरून ठेवतो तो सांधा आणि स्क्रूंची संख्या. पिळण्याच्या जोराने काही साधत नाही.

लाकडाचं गणित निराळं. ते लांबीत जवळजवळ हलत नाही, पण ओल-कोरडीनुसार रुंदीत फुगतं. खाचेत जिभेसाठी दोनेक मिमी सोडा आणि एकच खिळा दोन फळ्यांतून आरपार जाऊ देऊ नका. नाहीतर कोरड्या दिवसांत फळी मधोमध चिरते.

१०. ऊन चढलं की भिंतीतून टकटक आवाज येतो, आणि पत्रा ठिकठिकाणी पोटाळलेला दिसतो. माल खराब निघाला का?

टकटक म्हणजे प्रश्न ९ मधलं सरकणं अडखळत होतंय. सकाळ-संध्याकाळ थोडा आवाज चालतो. सतत आणि मोठा असेल तर कुठेतरी स्क्रू आवळलेले आहेत. पोटाळणं हे रुंद, सपाट, पातळ धातूच्या पत्र्याचं स्वभावलक्षण आहे आणि त्याने मजबुती कमी होत नाही. जाड पत्रा, अरुंद पॅनेल, मधोमध हलक्या रेघा आणि कमी चमक यांनी ते कमी दिसतं. मात्र रिपा एका पातळीत नसल्या तरी हेच दिसतं, आणि तो दोष मालाचा नसून कामाचा. लांब सरळ पट्टी टेकवून बघितलं की कळतं.

११. क्लॅडिंग नवं कोरं आहे, तरी खिडकीखाली ओल येते. असं का?

कारण गळती सपाट भिंतीतून क्वचित होते. ती होते भोकांच्या कडांना. खिडकी, दार, गॅलरीचा कठडा, छप्पर भिंतीला टेकतं ती जागा. इथे पत्र्याची वळवलेली पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, लागते. खिडकीच्या माथ्यावरचं फ्लॅशिंग भिंतीवरच्या पडद्याच्या मागे गेलं पाहिजे. पुढे नुसतं चिकटवलेलं असेल तर पडद्यावरून उतरणारं पाणी त्याच्या पाठीमागून खिडकीच्या चौकटीत शिरतं. खिडकीखालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि दोन्ही टोकं वर दुमडलेली हवीत. नाहीतर पट्टीवर जमलेलं पाणी टोकाशी जातं आणि नेमकं भिंतीत उतरतं. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दिसणारे ओलीचे डाग बहुतेक वेळा याच न दुमडलेल्या टोकांचे असतात.

काम सुरू असताना एका खिडकीचं फ्लॅशिंग पूर्ण झालं की क्लॅडिंग चढवण्याआधी त्यावर पाइपने खालून वर अशा क्रमाने पाणी मारून बघा. वरून सुरुवात केलीत तर नेमकं कुठून गळलं ते कळणार नाही.

१२. सगळ्या फटी सिलिकॉनने भरून टाकल्या तर?

मागची पोकळी कोंडेल. खालच्या कडेची फट आणि पाणी निघायची भोकं कधीही भरू नका; आत आलेल्या पाण्याची ती एकमेव वाट आहे. पाइप भिंतीत शिरतो तिथे किंवा उत्पादकाच्या आराखड्यात दाखवलं आहे तिथे सिलिकॉन योग्य. तिथेही त्याला आधार देणारी फोमची दोरी मागे घालून मगच भरतात. गळती थांबवायला सांध्यांवर सिलिकॉनच्या रेघा ओढलेल्या भिंती पाहिल्या आहेत. त्यांत ओल कमी झालेली नसते, फक्त जागा बदललेली असते.

१३. क्लॅडिंगने आग पसरते असं ऐकलं. खरं आहे?

चुकीच्या मालाने आणि चुकीच्या बांधणीने पसरते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण गेले. तिथल्या पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन या जळणाऱ्या प्लॅस्टिकचा गाभा होता. मागचं इन्शुलेशनही (उष्णता अडवणारा थरही) जळणारं होतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसत होता तो फक्त धातू. पुढे २०१८ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या नव्या बाह्य भिंतींत ज्वलनशील सामानावर बंदी आणली.

तेव्हा ‘धातूचं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. गाभा कशाचा आहे ते विचारा. युरोपीय वर्गवारीत ए१ आणि ए२ हे न जळणारे किंवा नगण्य जळणारे वर्ग. प्रमाणपत्र मागताना ते एकट्या पॅनेलचं आहे की पॅनेल, इन्शुलेशन, सांगाडा मिळून पूर्ण भिंतीचं, हे बघा. दोन्हींत मोठा फरक आहे.

इथे एक खरा पेच आहे. प्रश्न ४ म्हणतो पोकळी वरपासून खालपर्यंत मोकळी हवी, आणि आगीला तर अशी मोकळी वाट धुराड्यासारखी सापडते. त्यावर तोडगा म्हणजे मजल्यामजल्यावर आणि खिडक्यांभोवती बसवायचे अग्निरोधक अडसर. त्यांतल्या एका प्रकारात पोकळीत थोडी फट राहते, हवा-पाणी जातं आणि उष्णता लागली की पट्टी फुगून फट बंद करते. उंच इमारतीत हे अडसर नसतील तर बाकी काम कितीही सुबक असो, ते अपुरं आहे. हे काम अग्निसुरक्षेच्या जाणकार अभियंत्याकडूनच आखून घ्या.

१४. गंज कशाने येतो? समुद्राजवळ काय करावं?

नव्या पत्र्यावर आठवड्याभरात तपकिरी ठिपके दिसले तर बहुतेक पत्रा निर्दोष असतो. ग्राइंडरने कापताना उडालेले लोखंडाचे गरम कण त्यावर चिकटून गंजलेले असतात. पॅनेल ग्राइंडरने कापू नका, कातरीने कापा आणि रोज संध्याकाळी चुरा झाडून काढा.

दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांतला एक झिजतो. तांब्यावरून वाहिलेलं पाणी ॲल्युमिनियमवर किंवा जस्तावर पडलं तरी पुरतं. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचा छोटा स्क्रू सहसा चालतो. स्टेनलेसच्या पत्र्यात ॲल्युमिनियमचं रिव्हेट मात्र लवकर खलास होतं. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमवर कायमचा डाग पाडतं. देवदार किंवा ओकसारख्या लाकडाला लोखंडी खिळा मारला की काळे ओघळ येतात.

किनाऱ्यावर स्टेनलेस ३१६ दर्जाचं घ्या. तिथे एक गोष्ट उलटी वाटेल: पावसाने धुतला जाणारा भाग बरा राहतो आणि वळचणीखालचा, आडोशाचा भाग आधी खराब होतो, कारण तिथलं मीठ कुणी धुतच नाही. तो भाग गोड्या पाण्याने अधूनमधून धुवा.

१५. जमिनीपासून किती वर सुरू करायचं?

सर्वसाधारणपणे किमान १५० मिमी. पावसाचे शिंतोडे आणि माती तेवढी उडते. अंगण नंतर भरून उंच केलं की हे अंतर गुपचूप नाहीसं होतं. फरशी बसवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

१६. मधलीच एक फळी फुटली. सगळी भिंत उतरवायची का?

विनायलसाठी नाही. आकड्याच्या आकाराचं एक साधं हत्यार सांध्यात घालून ओढत नेलं की वरची पट्टी सुटते, खालची बदलता येते. धातूच्या आणि टेराकोटाच्या काही पद्धतींत प्रत्येक पॅनेल सुटं निघतं, काहींत एका टोकापासून उतरवत यावं लागतं. माल निवडतानाच हे विचारून घ्या. लाकडी किंवा फायबर सिमेंटच्या फळीची मागची खाच कापून नवी फळी समोरून स्क्रूने बसवतात. तो स्क्रू दिसतो, त्याला इलाज नाही. चार-सहा फळ्या जादा घेऊन ठेवा. रंगाचा पुढचा घाणा तंतोतंत जुळत नाही, शिवाय भिंतीवरचा रंग तोवर उतरलेला असतो.

१७. इन्शुलेशन आणि एसी, दिवे, पाट्या यांचं काय?

इन्शुलेशन भिंतीच्या बाहेरून, भिंत आणि पोकळी यांच्यामध्ये लावा. पोकळी त्याने भरून टाकू नका. थंड प्रदेशात घरातल्या दमट हवेतल्या वाफेचं बाहेर जाताना भिंतीत गारठून पाणी होतं, म्हणून वाफ अडवणारा थर आतल्या, उबदार बाजूला असतो. उष्ण-दमट प्रदेशात एसी लावलेल्या घरात हा प्रवास उलटा होतो; तिथे आतून प्लॅस्टिकचा वॉलपेपर लावला की त्याच्या मागे बुरशी येते.

जड वस्तूंचा भार क्लॅडिंगवर नको. ब्रॅकेट मूळ भिंतीत धरा, पॅनेलमधलं भोक पाइपपेक्षा मोठं ठेवा म्हणजे पॅनेल सरकू शकेल, आणि पाइपला बाहेर उतार द्या.

१८. विनायलच्या एकाच पट्ट्यावर ते वितळल्यासारखं दिसतंय. बाकी भिंत ठीक आहे. हे कसं?

समोर कुठे काच आहे का बघा. उष्णता परावर्तित करणारा लेप दिलेली दुहेरी काच किंचित आत वाकते आणि ऊन एका पट्ट्यावर एकवटते. विनायल तेवढ्यानेही वाकडं होतं. काचेला बाहेरून जाळी किंवा सावली देणं हा उपाय. नुसती पट्टी बदलली तर पुढच्या उन्हाळ्यात तेच होईल. फिकट विनायलवर गडद रंग चढवणंही त्याच कारणाने टाळा.

१९. धुवायचं कसं?

मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर पाणी, वर्षातून एकदा. जोराच्या फवाऱ्याचं तोंड खालून वर कधीच धरू नका. सांधे वरून येणाऱ्या पाण्यासाठी केलेले असतात. धुताना खालची जाळी आणि भोकं बुजली नाहीत ना, तेही बघा.

२०. काम झालं, कामगार गेले, आणि आता कळतंय की पोकळी ठेवलीच नाही. सगळं काढावं लागेल का?

मागे काय आहे त्यावर ठरेल. भरीव विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल, आतून कोरडी असेल आणि वळचण चांगली रुंद असेल, तर लगेच तोडफोड नको. प्रत्येक पावसाळ्यानंतर खालची कडेची पट्टी सोडवून पाहा, खिडक्यांखाली ओलावामापक लावा आणि आकडे लिहून ठेवा. आकडे वाढत असतील किंवा आत पोपडे धरू लागले असतील तर पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती भिंत आधी उतरवा. पॅनेल जपून काढली तर रिपा लावून तीच परत बसवता येतात.

मागे लाकडी चौकट किंवा पातळ पोलादी सांगाडा असेल तर वाट बघू नका. तिथे नुकसान दिसायला लागतं तोवर चौकट कुजलेली किंवा गंजलेली असते. आधी एका खिडकीखालचा हातभर भाग उघडून जाणकाराला दाखवा, आणि उघडताना फोटो काढून ठेवा. कंत्राटदाराशी बोलताना ते लागतील.